भरवणं आणि पुढे करणं: जर्मनीतल्या एका मराठी नर्सिंग विद्यार्थिनीचं प्रकरण

जर्मन नर्सिंगमध्ये म्हाताऱ्या माणसाबद्दल 'फ्युटर्न' हा शब्द वापरला की वरिष्ठ लगेच टोकतात. फ्युटर्न म्हणजे जनावराला चारा घालणं, फार तर तान्ह्याला भरवणं. मोठ्या माणसाबाबत म्हणायचं 'एसन आनरायशन', म्हणजे जेवण पुढे करणं. गळ्याशी बांधायच्या कापडाला लाळेरं म्हणायचं नाही, 'क्लायडरशुट्स' म्हणायचं, कपडे खराब होऊ नयेत म्हणून असलेलं कापड. मी इथे नवी असताना मला हे सगळं शब्दांचं सोवळं वाटायचं. काम तेच, चमचा तोच, मग नावाचा एवढा बाऊ कशाला?

आपल्याकडे भरवणं हा मायेचा शब्द आहे. आई भरवते, लग्नात नवरा-नवरी एकमेकांना घास भरवतात, दवाखान्यात सून सासूला पेज भरवते. समोरचा नको म्हणाला तर तो आग्रहाचाच भाग धरला जातो. पंगतीत ताटावर हात आडवा धरणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडणारी माणसं आपण. 'नको' हे आपल्याकडे उत्तर नसतंच, ती सुरुवात असते.

या दोन शब्दांमधल्या अंतरात आमची एक विद्यार्थिनी अडकली, आणि तिच्या मागोमाग मीही. नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्यांना आणि मुलांना परदेशी पाठवण्याच्या कामात असलेल्यांना उपयोग होईल म्हणून ते प्रकरण सविस्तर लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

कोण, कुठे

मी मूळची विदर्भातली, बारा वर्षं जर्मनीत नर्स आहे, त्यातली पाच वर्षं 'प्राक्सिसआनलायटर' म्हणून. म्हणजे वॉर्डात विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम शिकवणारी. त्यासाठी नर्सिंगच्या पात्रतेवर ३०० तासांचं वेगळं प्रशिक्षण लागतं आणि पुढे दरवर्षी २४ तासांची उजळणी. जर्मनीत १ जानेवारी २०२० पासून नर्सिंगचा नवा कायदा लागू आहे. रुग्णालय, वृद्धाश्रम आणि मुलांचं नर्सिंग हे पूर्वी वेगवेगळे असलेले अभ्यासक्रम त्याने एकत्र केले. तीन वर्षांचं आउसबिल्डुंग, म्हणजे काम करता करता घ्यायचं शिक्षण, निदान २१०० तास वर्गात आणि २५०० तास प्रत्यक्ष कामावर. या कामाच्या तासांपैकी किमान दहा टक्के वेळ शिकवणाऱ्याने विद्यार्थ्यासोबत ठरवून घालवायचा, हेही नियमात आहे. नियमात आहे, एवढंच आत्ता म्हणते.

महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात २०२४ च्या फेब्रुवारीत कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला, तेव्हापासून आपल्याकडे 'जर्मनीत नर्सिंग' हा विषय जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचला. खासगी एजन्सींमार्फत मुलं त्याआधीही येतच होती. आमची विद्यार्थिनीही तशीच आली. वर्धा जिल्ह्यातली, वय एकवीस, बारावी सायन्स. पुण्यात खोली करून राहिली आणि जर्मनची बी-२ पातळी पास झाली. ऑक्टोबरमध्ये नेकार नदीकाठच्या एका छोट्या गावातल्या वृद्धनिवासात तिचं शिक्षण सुरू झालं. कामाला वाघ होती. पुरुषांना अंघोळ घालण्याची पहिली धास्ती दोन आठवड्यांत गेली, लघवीच्या पिशव्या, डायपर, कशालाही तिने नाक मुरडलं नाही.

निघण्याआधी एजन्सीने तिला 'आंतरसांस्कृतिक प्रशिक्षण' दिलं होतं. मी त्या स्लाइड्स पाहिल्यात. जर्मन लोक वेळेचे पक्के असतात, हस्तांदोलन घट्ट करा, रविवारी आवाज करू नका, कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाका. सगळं खरं आहे आणि सगळं भाडेकरूसाठी आहे. नर्ससाठी त्यात एक ओळही नव्हती.

दुसरी व्यक्ती म्हणजे आमच्याकडे राहणाऱ्या एक्क्याण्णव वर्षांच्या बाई. आयुष्यभर कापडगिरणीत शिवणकाम केलेल्या, बोलणं तुटक, डोकं शाबूत. दोन महिन्यांत त्यांचं वजन चार किलोने उतरलं होतं. त्यांची मुलगी आठवड्यातून तीनदा यायची.

पहिली ठिणगी खरं तर नोव्हेंबरातच पडली होती. विद्यार्थिनीने त्यांना 'ओमा', म्हणजे आजी, अशी हाक मारली. बाई म्हणाल्या, "मी तुझी ओमा नाही." तेव्हा मी तिला एवढंच सांगितलं की फ्राउ आणि आडनाव म्हणायचं. का, ते सांगितलं नाही. आपल्याकडे परक्या बाईला आजी-मावशी म्हटल्याने तिचा मान वाढतो. इथे तेच ऐकून तिला वाटतं, की आता माझं नाव गेलं, उरले ते नुसते म्हातारपण. हे तेव्हाच नीट बोलले असते तर पुढचं काही टळलं असतं का, सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी

फेब्रुवारीची अखेर. जेवणघरात फास्नेटच्या, म्हणजे इथल्या कार्निवलच्या, कागदी पताका अजून लोंबत होत्या. संध्याकाळच्या पाळीत अकरा जणांना दोघी, त्यातली एक ही शिकाऊ. चौघांना खायला मदत लागायची. दुपारच्या 'उबरगाबे'त, म्हणजे पाळी सोपवताना, एका सहकारी बाईंनी तिला जाता जाता सांगितलं होतं: "बघ बाई, त्या काहीतरी खातील असं कर." खाण्यापिण्याच्या तक्त्यावर तीन दिवस जवळजवळ रिकामे होते.

इथलं रात्रीचं जेवण म्हणजे आबेंडब्रोट, गार पाव, चीज, थंड मांसाचे काप. आपल्या माणसाला ते जेवण वाटतच नाही. तिने बाईंसाठी ग्रीसब्राय मागवलं. ग्रीसब्राय म्हणजे चक्क रव्याची खीर, दुधात शिजवलेली, वर दालचिनी. वाटी हातात आली तेव्हा तिला घर आठवलं, असं तिने नंतर सांगितलं.

दोन चमचे गेले. तिसऱ्याला बाईंनी मान फिरवली आणि म्हणाल्या, "ई माग नेमे." विद्यार्थिनी थांबली, हसली, परत चमचा पुढे नेला. बाई परत म्हणाल्या, "ई माग नेमे." मग तिने डावा हात बाईंच्या मानेमागे ठेवला, बाळाला ठेवतात तसा, मान किंचित मागे घेतली आणि लाडात येऊन मराठीत काहीतरी बोलत चमचा ओठांना लावला. बाईंनी हात झटकला. वाटी उपडी झाली, खीर क्लायडरशुट्सवरून मांडीवर आणि चाकाच्या खुर्चीवर. दारात मुलगी उभी होती.

'ई माग नेमे' हे श्वेबिश आहे, या भागातली बोली. प्रमाण जर्मनमध्ये तेच 'इश माग निष्ट मेअर' होतं: मला आता नको. बी-२ च्या परीक्षेत हे प्रमाण वाक्य येतं. 'नेमे' येत नाही. आपल्याकडे पुस्तकातली मराठी शिकून आलेल्या परप्रांतीय डॉक्टरला मेळघाटात पाठवावं, तशातली गत. बाईंनी दोनदा स्पष्ट नको म्हटलं होतं आणि तिला ते नको आहे हेच कळलं नव्हतं. मान फिरवलेली कळली होती. पण मान फिरवणाऱ्याला थोडा आग्रह करायचा असतो, हे तर तिला लहानपणापासून माहीत होतं.

बैठक, आणि माझी चूक

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख, मुलगी, विद्यार्थिनी आणि मी असे चौघे बसलो. मुलीने कागदपत्र काढलं. आईने काही वर्षांपूर्वी 'पाट्सिएन्टनफरफ्युगुंग' करून ठेवलं होतं. आपण बोलू शकणार नाही अशा वेळी कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, याची ही आगाऊ लेखी इच्छा. जर्मनीत २००९ पासून तिला स्पष्ट कायदेशीर आधार आहे. त्यात नळीने अन्न देणं नको असं लिहिलेलं. "नळी नको म्हणणाऱ्या माझ्या आईच्या तोंडात तुम्ही चमचा कोंबता?"

कायद्याच्या दृष्टीने ते कागदपत्र इथे थेट लागू नव्हतं, कारण बाई स्वतः बोलू शकत होत्या आणि बोलल्याही होत्या. पण म्हणूनच प्रकरण जास्त गंभीर होतं. शुद्धीवर असलेल्या माणसाने नको म्हटल्यावर त्याच्या शरीराला लावलेला हात हा, हेतू कितीही चांगला असो, जबरदस्ती ठरतो. शिवाय मान मागे घेऊन भरवणं वैद्यकीयदृष्ट्याही चूक. हनुवटी वर गेली की श्वासनलिका उघडी राहते आणि घास तिकडे उतरण्याचा धोका वाढतो. खाताना माणूस ताठ बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली, आणि भरवणाऱ्याने शेजारी, डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. हे तिला वर्गात शिकवलं होतं. हात मात्र घरच्या वळणाने गेला.

विद्यार्थिनी पूर्ण वेळ खाली बघत बसली होती. विभागप्रमुखांनी विचारलं, "तुम्हाला समजतंय का?" ती म्हणाली, "या, या," म्हणजे हो, हो, आपली ती ओळखीची मान हलवत, आणि ओठांवर अगदी पुसट हसू. मला ते हसू माहीत होतं. ते शरमेचं असतं. हेडमास्तरांसमोर उभं राहिल्यावर येतं. मुलीला दिसलं ते एवढंच, की ही माझ्याकडे बघत नाही, हो-हो म्हणते आणि वर हसते.

इथे मी तोंड उघडलं. म्हटलं, "आमच्या संस्कृतीत भरवणं हे प्रेमाचं लक्षण आहे, तिने आपल्या आजीसारखं..." वाक्य पुरं झालं नाही. मुलगी म्हणाली, "मग तुमची संस्कृती माझ्या आईने गिळायची का?"

तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मी विद्यार्थिनीला वाचवायला गेले आणि तिच्या चुकीला संस्कृतीचं पांघरूण घातलं. त्याने तिचा अपमान झाला, कारण ती विचार न करता परंपरेने चालणारी पोर ठरली. तक्रारदाराचाही झाला. शिवाय संध्याकाळी अकरा जणांना दोघी हा मुद्दा, दुपारची ती 'खातील असं कर' ही सूचना आणि 'नेमे' हा न कळलेला शब्द, सगळं त्या पांघरुणाखाली गेलं. वॉर्डात संस्कृतीचं नाव निघालं की मी आता आधी पाळ्यांचा तक्ता मागते.

आणखी एक टांगती तलवार होती. नर्सिंग आउसबिल्डुंगमध्ये पहिले सहा महिने परीक्षाकाळ असतो, त्यात करार सहज मोडता येतो, आणि करार गेला की राहण्याच्या परवान्याचाही प्रश्न येतो. तिचा पाचवा महिना चालू होता. विभागप्रमुखांनी चार आठवडे दिले.

चार आठवडे

आधी मी पुस्तकं काढली, सवय. मॅडेलीन लायनिंगर या नर्सने १९५० च्या दशकात अमेरिकेत मुलांच्या मानसोपचार केंद्रात काम करताना ओळखलं की मुलं कोणत्या घरातून आली आहेत ते न कळता त्यांची काळजी घेता येत नाही. त्यातून आंतरसांस्कृतिक नर्सिंग ही शाखा उभी राहिली. नर्सिंगच्याच अभ्यासक कंपीन्या-बकोट यांनी सांस्कृतिक क्षमतेचे, म्हणजे वेगळ्या संस्कृतीतल्या माणसाची नीट काळजी घेता येण्याचे, पाच भाग सांगितले: जाणीव, ज्ञान, कौशल्य, प्रत्यक्ष गाठभेट आणि इच्छा. हे सगळं उपयोगाचं आहे, पण आमच्या पेचात मला आधार दिला तो न्यूझीलंडच्या माओरी नर्स इरिहापेटी राम्सडेन यांनी. त्यांचं म्हणणं असं, की काळजी सांस्कृतिकदृष्ट्या सुरक्षित होती का, हे नर्सने ठरवायचं नसतं, ती ज्याला मिळाली त्याने ठरवायचं. आणि नर्सने आधी अभ्यास करायचा तो स्वतःचा, समोरच्याच्या चालीरीतींचा नंतर. विद्यार्थिनीला मी हे जर्मनमध्ये, मग मराठीत समजावलं. ती "हो ताई" म्हणाली. म्हणजे काहीच पोहोचलं नाही.

मग मी स्वयंपाकघरातून ग्रीसब्रायची वाटी आणली. तिला चाकाच्या खुर्चीत बसवलं, क्लायडरशुट्स बांधलं, हात मांडीवर ठेवायला सांगितले आणि बोलायचं नाही म्हटलं. भरवायला लागले. पहिला चमचा ठीक. दुसरा मी पहिला गिळायच्या आत पुढे केला. तिसऱ्याला डावा हात तिच्या मानेमागे ठेवला. तिचे खांदे एकदम वर आले. चौथ्याला तिने तोंड मिटलं, मी चमचा ओठांना लावून धरला, हसले आणि मराठीत म्हटलं, "एवढा एकच, शहाणी ना तू." खीर हनुवटीवरून ओघळली आणि तिला ती पुसता येईना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हा प्रयोग नर्सिंगच्या शाळांत जुना आहे, मी काही शोधून काढलेला नाही. पण तो बहुतेक ठिकाणी दहीबिही घेऊन, खिदळत उरकतात. आपल्या भाषेत, आपल्या लाडाच्या शब्दांत केला की तो वेगळाच चावतो.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, तुम्ही हसत होतात ना, त्याचाच जास्त राग आला."

त्यानंतर एक वही केली. तीन रकाने: काय दिसलं, मला काय वाटलं, कुणाला विचारलं. पहिल्या आठवड्यात तिसरा रकाना कोरा. 'बाईंनी पाव बाजूला सारला', 'त्यांना गार पाव आवडत नसावा', आणि पुढे काही नाही. आपल्याकडे चांगली नर्स ती, जिला न विचारता कळतं. विचारणं म्हणजे अज्ञान दाखवणं. इथे उलटं, न विचारता केलेलं काम हा आगाऊपणा. हे एका वाक्यात सांगता येतं, पण हाताला वळण पडायला तिला तीन आठवडे लागले, आणि माझ्या मते तेही लवकर.

बोलीची शिकवणी आमच्या इमारतीची देखभाल करणाऱ्या गृहस्थांनी घेतली, रोज कॉफीच्या वेळी दहा मिनिटं. 'नेमे' म्हणजे आता नाही. 'शाफे' म्हणजे काम करणं. 'गेल' म्हणजे हो ना. वीसेक शब्दांची चिठ्ठी तिच्या ॲप्रनच्या खिशात असायची. एके दिवशी एक शब्द अडला आणि तिने तो थेट बाईंना विचारला. बाईंनी तिचा उच्चार दोनदा सुधारला. माफीनंतरचं ते पहिलं बोलणं.

माफीचंही सांगायला हवं. ती आम्ही तालीम करून मागितली आणि मला त्याची अजून थोडी लाज वाटते. नजरेला नजर द्यायची, हसायचं नाही, काय केलं ते नेमकं सांगायचं: 'तुम्ही नको म्हणालात आणि मी तुमच्या मानेला हात लावला, मला माफ करा.' एकवीस वर्षांच्या मुलीला थोरामोठ्यांच्या डोळ्यांत बघायला शिकवताना मला वाटत राहिलं, की मी हिला घडवते आहे की हिच्यातलं काही पुसते आहे? उत्तर नाही माझ्याकडे. तिनेच तोडगा काढला. डोळ्यांत बघून वाक्य पुरं केलं आणि मग, सवयीने, किंचित वाकली. बाईंनी मान डोलावली.

शिकायचं फक्त तिनेच, असं असतं तर मी हे लिहिलं नसतं. दहा टक्क्यांचा तो नियम आमच्याकडेही कागदावरच होता. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मी तिच्यासोबत ठरवून बसलेले तास मोजले आणि आकडा विभागप्रमुखांसमोर ठेवला. मार्चपासून तिचे तास तक्त्यात लिहून आले. सहकाऱ्यांच्या बैठकीत तिने पाच मिनिटांत सांगितलं, की तिची मान आडवी हलली तर ते नाही नव्हे, आणि तिचं 'या' म्हणजे ऐकलं, समजलं असं नाही. तेव्हापासून तिला 'समजलं का?' विचारायचं नाही, 'आता तू काय करशील, सांग' असं विचारायचं, हे ठरलं. गंमत म्हणजे हाच प्रश्न आमच्या जर्मन विद्यार्थ्यांनाही लागू पडला. आणि 'खातील असं कर' ही सूचना बंद झाली. 'जेवण पुढे कर, काय झालं ते लिही, तासाभराने परत विचार.'

फोड

तिसऱ्या आठवड्यात वहीत एक नोंद आली. बाई पावाची कड सोडतात, पण कॉफीत बुडवलेला गोड पाव चोखून खातात. आणि तिसऱ्या रकान्यात: 'बाईंना विचारलं, दुखतं का? म्हणाल्या, दात.' रात्री कवळी काढताना तिने टॉर्च धरून बघितलं. खालच्या हिरडीला डावीकडे मसुरीच्या डाळीएवढा फोड होता. वजन उतरल्यावर कवळी सैल होते आणि घासते, हे वृद्धांच्या नर्सिंगमधलं अगदी प्राथमिक. दोन महिने आम्ही सगळ्या अनुभवी बायका तक्ते भरत होतो आणि कुणी तोंडात पाहिलं नव्हतं. दंतवैद्यांनी कवळी नीट बसवून दिली, मलम दिलं. बाई अर्धी वाटी खायला लागल्या. वजन उतरायचं थांबलं.

पण 'ई माग नेमे' थांबलं नाही. आता जेवणाच्या वेळीही म्हणत आणि खिडकीशी नुसत्या बसल्या असतानाही. बोलीत ते जेवणाबद्दल असू शकतं आणि जगण्याबद्दलही. डॉक्टर, मुलगी आणि आमच्या वरिष्ठ नर्स त्यांच्याशी बोलायला बसल्या. थेट विचारलं, की जेवण नको की जगणं? "दोन्ही," बाई म्हणाल्या, आणि कॉफी मागितली.

विद्यार्थिनीला हे झेपेना. तिच्या आजीला घरातल्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत पेज भरवली होती. उपाशी जाऊ दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून. आणि नर्सिंगची आपली परंपराही हीच आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी अरुणा शानबाग या आपल्या सहकारी परिचारिकेला १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षं सांभाळलं, वर्षानुवर्षं भरवलं, आणि तिचं अन्न थांबवण्याच्या मागणीला सर्वोच्च न्यायालयात विरोध झाला तो याच मायेच्या बळावर. मी त्याच अभिमानात वाढले. अरुणाताईंना काय हवं होतं ते विचारण्याची सोय नव्हती. आमच्या बाईंना होती, एवढाच फरक, पण तो सगळा फरक.

हे मी तिला सांगत होते तेव्हा तिने मधेच विचारलं, "ताई, विनोबांचं असंच होतं ना?"

वर्धा जिल्ह्यातली पोर. पवनारला शाळेची सहल गेलेली. नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारपणात विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवलं आणि १५ तारखेला पवनारच्या आश्रमात देह ठेवला, हे तिला पाठ होतं. नको म्हणणाऱ्याचा मान राखणारी गोष्ट तिच्या गावापासून एका बसच्या अंतरावर होती. मी ती जर्मन पुस्तकांत शोधत होते.

मला ती तुलना तशी धोक्याचीही वाटते, आणि ते मी तिला सांगितलं. बाई काही संत नव्हत्या. हिरडी दुखत होती म्हणून नको म्हणणाऱ्या माणसाला आपण विनोबा करून टाकलं असतं, तर तो फोड तसाच राहिला असता. नको म्हटल्यावर हात मागे घ्यायचा, आणि का नको ते शोधायचं थांबवायचं नाही.

परीक्षाकाळ ती पार पडली. मुलीने तक्रार मागे घेतली नाही, पुढेही नेली नाही. विद्यार्थिनीशी ती नेहमी सभ्यपणे बोलली, एक शब्द जास्त नाही.

जून

बाई जूनमध्ये गेल्या. शेवटच्या दोन दिवसांत गिळणं थांबलं होतं. अशा वेळी तोंड कोरडं पडू नये म्हणून ओल्या बोळ्याने ओठ आणि जीभ पुसतात. पाण्याऐवजी माणसाला आवडणारं पेय घेतलं तरी चालतं. विद्यार्थिनीची संध्याकाळची पाळी होती. तिने मला फोन केला. आपल्याकडे गंगाजळ घालतात, तुळशीपत्र ठेवतात, तसं काही मनात येतंय, करू का? मी म्हटलं, मला काय विचारतेस.

नंतर मी नोंदवही उघडली. तिच्या अक्षरात जर्मनमध्ये दोन ओळी होत्या. १९:४०, मुलीला विचारून तोंड पुसलं, दूध न घालता कॉफीने. २०:३०, मुलीने स्वतः पुसलं, बोळा मी पुढे केला.